दुप्पट बँडविड्थ घेण्याआधी: डायरेक्ट कनेक्ट असूनही सगळं हळू का चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला कारखाना. ईआरपी (कारखान्याचा हिशोब आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि फाइल सर्व्हर एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या समूहात) हलवले. आधी इंटरनेटवरून व्हीपीएन (एन्क्रिप्ट केलेला खासगी टनेल) होतं. ते बॅकअप म्हणून तसंच ठेवून एका टेलिकॉम पार्टनरकडून १ जीबीपीएसचं होस्टेड डायरेक्ट कनेक्ट (इंटरनेट टाळून थेट एडब्ल्यूएसपर्यंत जाणारी खासगी लाइन) घेतलं. नागपूर ते मुंबई पिंग (पॅकेट जाऊन-येऊन लागणारा वेळ, म्हणजे राउंड ट्रिप) १९-२० मिलिसेकंद. तक्रारी तीन. रात्रीचा बॅकअप ८५ एमबीपीएसच्या वर हलत नाही. ईआरपीचा स्टॉक रिपोर्ट सर्व्हर कारखान्यात असताना काही सेकंदांत यायचा, तो आता पावणेदोन मिनिटं घेतो. आणि दुपारी सगळे कामाला लागले की मधूनच सगळंच अडखळतं. पार्टनर म्हणतो लिंक स्वच्छ आहे, आलेखात वापर ४० टक्क्यांच्या वर गेलेला नाही. मॅनेजमेंट विचारतंय, २ जीबीपीएस घ्यायचं का?

नका घेऊ, निदान आत्ताच नको. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच दिसतंय की तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळ्या जागी आहेत. पहिल्या दोन तक्रारींवर दुप्पट लिंकचा काडीचाही परिणाम होणार नाही. तिसरीवर थोडा होईल, पण तेच काम राउटरवरच्या आणि दोन-तीन सर्व्हरवरच्या चार ओळींत होण्यासारखं आहे. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार डायरेक्ट कनेक्टच्या बाबतीत फार चालतो, कारण बँडविड्थ ही एकच गोष्ट पर्चेस ऑर्डरवर लिहिता येते.

सगळ्यात आधी वाट कागदावर काढा. कारखान्याचा स्विच, फायरवॉल, तुमचा राउटर, तिथून पार्टनरचं एमपीएलएस जाळं (टेलिकॉम कंपनीचं खासगी जाळं), मग मुंबईतलं डायरेक्ट कनेक्ट लोकेशन. रबाळे किंवा चांदिवलीसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये पार्टनरचा राउटर आणि एडब्ल्यूएसचा राउटर एका फायबरने जोडलेले असतात. तिथून पुढे डायरेक्ट कनेक्ट गेटवे किंवा व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे (एडब्ल्यूएसकडची दारं), व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खासगी जाळं) आणि शेवटी ईसीटू इन्स्टन्स (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर). ‘आमची लिंक १ जीबीपीएसची आहे’ हे वाक्य या साखळीतल्या एकाच कडीबद्दल आहे. प्रत्येक कडीसमोर तिची कमाल मर्यादा आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, हे लिहा. निम्मी चर्चा तिथेच मिटते.

मग मोजा, आणि फाइल कॉपी करून मोजू नका. फाइल कॉपीत दोन्हीकडच्या डिस्क, अँटिव्हायरस आणि कॉपीचा प्रोटोकॉल सगळे मिसळतात. ईबीएसच्या (एडब्ल्यूएसच्या व्हर्च्युअल डिस्कच्या) जीपी३ व्हॉल्यूमचा मूळ थ्रूपुट सेकंदाला १२५ एमबी, म्हणजे जवळपास १ जीबीपीएसच असतो; जुन्या फिरत्या डिस्कचं तर बोलायलाच नको. आयपर्फ३ हे जाळ्याचा वेग मोजणारं साधन वापरा. एक टोक मुंबईच्या त्याच सबनेटमध्ये, दुसरं बुटीबोरीत. आणि बुटीबोरीतलं यंत्र एकदा फायरवॉलच्या आत, एकदा बाहेर लावून पाहा. चाचणीसाठी टी३ जातीचा इन्स्टन्स घेऊ नका. टी३ मीडियमच्या माहितीपत्रकात ५ जीबीपीएसपर्यंत लिहिलेलं असतं, पण जादा वेगासाठी साठवलेली क्रेडिट संपली की तो २५६ एमबीपीएसवर येतो. एम५ लार्ज ‘१०पर्यंत’ म्हणतो आणि ७५० एमबीपीएसवर स्थिरावतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सुसाट आणि मग अचानक बसकण, असा आलेख दिसला तर संशय लिंकवर घेण्याआधी इन्स्टन्सवर घ्यावा. ईथटूल या लिनक्स कमांडच्या आकडेवारीत ‘अलाउअन्स एक्सीडेड’ नावाचे काउंटर असतात: आत येणारी बँडविड्थ, बाहेर जाणारी बँडविड्थ, सेकंदाला पॅकेटं, कनेक्शन ट्रॅकिंग. चाचणीआधी आणि नंतर ते वाचा. यातला एखादा वाढत असेल तर मर्यादा त्या इन्स्टन्सचीच आहे आणि पार्टनरला फोन करण्यात अर्थ नाही.

चाचण्या चार प्रकारच्या करा: टीसीपीचा (पावती घेत डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचा) एकच प्रवाह, मग आठ प्रवाह, मग दोन्ही उलट दिशेने, आणि शेवटी यूडीपी (पावतीशिवाय पाठवणारा प्रोटोकॉल), २००, ५००, ८०० आणि ९५० एमबीपीएसवर. प्रत्येक किमान मिनिटभर. यूडीपीला वेग स्वतःहून सांगावा लागतो, नाहीतर आयपर्फ३ निमूटपणे १ एमबीपीएसच पाठवतो आणि शून्य टक्के लॉस (पॅकेटांची गळती) पाहून लोक खूश होतात. एकच प्रवाह रांगतो आणि आठ मिळून लिंक भरतात, तर दोष टीसीपीच्या खिडकीचा (ती काय, ते खाली) किंवा तुरळक लॉसचा. आठही मिळून एका ठरावीक आकड्याला अडकले, तर वाटेत कुठेतरी खरी कमाल मर्यादा आहे. यूडीपी ५००वर स्वच्छ आणि ८००वर गळतो, तर पोलिसिंग (मर्यादेपलीकडची पॅकेटं टाकून देणं) किंवा फायरवॉल. आणि दोन दिशांचे आकडे फार वेगळे आले, तर जाण्याची वाट आणि येण्याची वाट एकच आहे का ते आधी तपासा. त्याबद्दल खाली लिहिलंय. एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा लॉस दाखवणारं साधन) चालवलंत तर मधल्या एखाद्या हॉपवरचा, म्हणजे टप्प्यावरचा, १०-२० टक्के लॉस पाहून घाबरू नका. राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं दुय्यम काम समजतो. तो लॉस शेवटच्या हॉपपर्यंत टिकत असेल तरच खरा.

आता बॅकअप. ८५ हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. टीसीपीमध्ये पाठवणारा पावती येण्याआधी जास्तीत जास्त किती डेटा वाटेत सोडू शकतो, ते खिडकीवर ठरतं, आणि एका प्रवाहाचा वेग म्हणजे खिडकी भागिले राउंड ट्रिप. १ जीबीपीएस आणि २० मिलिसेकंद यांचा गुणाकार २ कोटी बिट, म्हणजे २.५ एमबी. लिंक एकाच प्रवाहाने भरायची तर सतत २.५ एमबी डेटा हवेत, म्हणजे फायबरमध्ये, असायला हवा. उलटं गणित करा: ८५ एमबीपीएस गुणिले २० मिलिसेकंद भागिले ८, म्हणजे साधारण २ लाख १२ हजार बाइट. लिनक्समध्ये ‘नेट.कोअर.आरमेम_मॅक्स’ची, म्हणजे प्रोग्रामला मागता येणाऱ्या रिसीव्ह बफरच्या कमाल आकाराची, नेहमीची किंमत २,१२,९९२ असते.

हा योगायोग नसावा. लिनक्स एरवी रिसीव्ह बफर स्वतः वाढवत नेतं, ६ एमबीपर्यंत, आणि तेवढं २० मिलिसेकंदांना पुरून उरतं. पण एखाद्या प्रोग्रामने सॉकेट (जोडणीचं टोक) उघडताना बफरचा आकार स्वतः मागितला, की ही आपोआप वाढ त्या सॉकेटपुरती बंद होते आणि मागितलेला आकार आरमेम_मॅक्सला येऊन थांबतो. बऱ्याच बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ‘टीसीपी बफर साइझ’ नावाचा रकाना असतो. कोणीतरी त्यात ४ एमबी भरून ठेवतो आणि त्याला वाटतं आपण वेग वाढवला. प्रत्यक्षात त्याने तो गोठवलेला असतो. तपासायचं कसं? बॅकअप चालू असताना एसएस कमांड टीसीपीच्या तपशिलासह चालवा. पाठवणाऱ्या बाजूला राउंड ट्रिप, कंजेशन विंडो, रिट्रान्समिट आणि ‘आरडब्ल्यूएनडी लिमिटेड’ ही नोंद दिसते. तिच्यासमोर ९० टक्क्यांच्या पुढचा आकडा असेल तर वेग घेणाऱ्याच्या खिडकीने अडवलाय, जाळ्याने नाही. उपाय दोन. सॉफ्टवेअरमधला तो आकडा काढून टाका, म्हणजे आपोआप वाढ पुन्हा सुरू होईल. ते जमत नसेल तर आरमेम_मॅक्स आणि डब्ल्यूमेम_मॅक्स (पाठवणाऱ्या बाजूची तशीच मर्यादा) १६ एमबी करा आणि सेवा रिस्टार्ट करा, कारण आधीच उघडलेल्या सॉकेटना नवा आकडा लागू होत नाही.

आकडा ८५ऐवजी २६च्या आसपास असता, तर मी फायरवॉलकडे बोट दाखवलं असतं. ६५,५३५ बाइटची मूळ खिडकी २० मिलिसेकंदांवर २६ एमबीपीएस देते. विंडो स्केलिंग (ही खिडकी मोठी करणारा टीसीपीचा पर्याय) १९९२ पासून प्रमाणात आहे, तरी टीसीपीचे पर्याय ‘साफ’ करणारं एखादं जुनं उपकरण ते सुरुवातीच्या हस्तांदोलनातच खाऊन टाकतं. सिन (हस्तांदोलनाचं पहिलं) पॅकेट दोन्ही टोकांना पकडून शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत कळतं.

बॅकअप थेट एस३मध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) जात असेल तर खिडकीचा प्रश्न समांतर जोडण्यांनी बराच सुटतो. एडब्ल्यूएस सीएलआय (कमांड-लाइन साधन) एका वेळी १० विनंत्या करतं आणि ८ एमबीचे तुकडे पाडतं; या लेटन्सीला (विलंबाला) विनंत्या २०-३० आणि तुकडे ३२ किंवा ६४ एमबी केले की फरक लगेच दिसतो. फक्त त्या एस३च्या वाहतुकीची वाट पाहून घ्या. व्हीपीसीमधला गेटवे एंडपॉइंट (एस३कडे जाणारं आतलं दार) कारखान्यातून वापरता येत नाही. त्यासाठी इंटरफेस एंडपॉइंट लागतो, किंवा वेगळा पब्लिक व्हीआयएफ (लिंकवरचा व्हर्च्युअल इंटरफेस). आणि होस्टेड कनेक्शनवर व्हीआयएफ एकच मिळतो. बॅकअप डायरेक्ट कनेक्टवरून जातोय असं समजून वर्षभर तो इंटरनेट लाइनवरून गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

स्टॉक रिपोर्टचं दुखणं तर जाळ्यात नाहीच. तुमचं ईआरपी ओरॅकलवर आहे आणि रिपोर्टचा प्रोग्राम कारखान्यात राहिलाय, डेटाबेस मुंबईला गेलाय, असं तुम्ही लिहिलंय. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) एका फेरीत मूळ सेटिंगने १० ओळी आणतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ५०,००० ओळी. म्हणजे ५,००० फेऱ्या, प्रत्येकी २० मिलिसेकंद, एकूण १०० सेकंद. यात डेटाबेसचं काम आणि डेटाचा आकार धरलेलाच नाही. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची होती, तेव्हा याच ५,००० फेऱ्या अडीच सेकंदांत उरकत होत्या आणि कोणाला पत्ताही नव्हता. फेच साइझ, म्हणजे एका फेरीत येणाऱ्या ओळी, ५०० केलीत तर १०० फेऱ्या, २ सेकंद. लिंक १०० जीबीपीएसची घेतलीत तरी हे १०० सेकंद तसेच राहतील, कारण प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि त्याला पर्चेस ऑर्डर दाखवता येत नाही.

फेच साइझ बदलायला विक्रेता तयार नसेल (‘आमच्या प्रॉडक्टमध्ये तसा बदल सपोर्टेड नाही’ हे उत्तर तुम्हालाही मिळेल), तर रिपोर्टचा प्रोग्रामच मुंबईत डेटाबेसच्या शेजारी न्या आणि कारखान्यात फक्त तयार पीडीएफ आणा. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचं शेअर फोल्डर हळू उघडतं, ही तुमची तळटीपही याच जातीची आहे: छोट्या छोट्या शेकडो फेऱ्या. जाळ्याच्या माणसाने ॲप्लिकेशनच्या माणसासोबत एका टेबलवर बसून वायरशार्कमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या साधनात) एक रिपोर्ट पाहिला की हा वाद कायमचा संपतो. मागणी, उत्तर, २० मिलिसेकंद शांतता, पुन्हा मागणी. शिडीसारखा तो नमुना डोळ्यांना लगेच कळतो.

बाकी २० मिलिसेकंदांबद्दल. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास. फायबर वळणं घेत ९०० ते १,००० किलोमीटर धावलं असं धरलं तरी जाऊन-येऊन ९-१० मिलिसेकंद पुरायला हवेत. तुमचे २० असतील तर पार्टनरला सर्किटचा मार्ग विचारा. वाहतूक आधी हैदराबादला जाऊन मग मुंबईला येत असण्याची शक्यता आहे. दुसरा मार्ग मिळून १२-१३ मिलिसेकंदांवर आलात तर वरच्या प्रत्येक गणितात तिसरा हिस्सा फुकट सुटतो. आणि पुढे काही नवीन उभारणार असाल तर एडब्ल्यूएसचं हैदराबाद रीजन नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे. नागपूरहून ते मुंबईपेक्षा जवळ पडतं. मुंबईची सवय म्हणून मुंबई, असं करू नका, मोजून ठरवा.

आता दुपारचं अडखळणं. हीच खरी जाळ्यातली तक्रार आहे, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा चुकीची वाचली जाते. होस्टेड कनेक्शन म्हणजे पार्टनरच्या मोठ्या पोर्टमधला तुमचा वाटा. तो वाटा राखण्यासाठी एडब्ल्यूएस पोलिसिंग करतं: वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की जास्तीची पॅकेटं रांगेत न ठेवता सरळ टाकून दिली जातात. आलेखातला ४० टक्के हा आकडा पाच मिनिटांची सरासरी आहे. पोलिसर मात्र मिलिसेकंदांच्या हिशोबाने बघतो. मुंबईतला इन्स्टन्स १० जीबीपीएसच्या वेगाने एखादा फटका सोडतो, पाच-दहा मिलिसेकंदांपुरता, आणि तेवढ्यात १ जीबीपीएसची मर्यादा ओलांडली जाते, पॅकेटं पडतात. पुढचे दोन सेकंद लाइन मोकळीच. सरासरीत काही दिसत नाही, वापरणाऱ्याला मात्र स्क्रीन गोठलेली दिसते.

एवढ्याशा लॉसने काय होतं? टीसीपीच्या पारंपरिक पद्धतीत एका प्रवाहाचा वेग साधारण एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) भागिले राउंड ट्रिप, गुणिले १.२२ भागिले लॉसचं वर्गमूळ, इतका मर्यादित होतो. १,४६० बाइटचा एमएसएस, २० मिलिसेकंद आणि दहा हजारांत एक पॅकेट गळणं: उत्तर येतं ७१ एमबीपीएस. लाखात एक गळलं तर २२५. आजकालचं क्युबिक (लिनक्सची नेहमीची पद्धत) याहून थोडं बरं वागतं, पण चित्र तेच. पार्टनरच्या एसएलएमध्ये (सेवेच्या करारात) लॉसची मर्यादा ०.१ टक्का असेल, तर तो तुमचा वेग पार खड्ड्यात घालूनही कराराच्या आत राहू शकतो. म्हणून ‘लिंक स्वच्छ आहे’ हे त्याचं म्हणणं खोटं नसतं, अपुरं असतं.

बुटीबोरीहून मुंबईकडे जाणाऱ्या दिशेचा उपाय तुमच्या हातात आहे. राउटरच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टवर शेपिंग लावा, ९४०-९५० एमबीपीएसला. शेपिंगमध्ये जास्तीची पॅकेटं काही मिलिसेकंद थांबतात, पडत नाहीत. त्याच्या आत ईआरपी आणि व्हॉइसची रांग वेगळी ठेवा, बॅकअपला उरलेलं द्या. क्यूओएसची (पॅकेटांच्या प्राधान्याची) मार्किंग पुढे कोणी पाळेल या भरवशावर राहू नका. निर्णय तुमच्या राउटरवरच झाला पाहिजे, म्हणजे गर्दीची जागा तुमच्या ताब्यात राहते.

मुंबईहून येणाऱ्या दिशेला तुमचा राउटर काही करू शकत नाही, तिथे फटका सोडणाऱ्यालाच आवर घालावा लागतो. जास्त डेटा पाठवणाऱ्या लिनक्स इन्स्टन्सवर एफक्यू ही रांग पद्धत आणि कंजेशन कंट्रोल (गर्दीनुसार वेग ठरवण्याची पद्धत) म्हणून बीबीआर लावा. गूगलने २०१६ मध्ये आणलेलं बीबीआर लिनक्स ४.९ पासून कर्नलमध्ये आहे. ते लॉस दिसला की वेग निम्म्यावर आणत नाही. वाटेची क्षमता मोजून पॅकेटं एकसारख्या अंतराने सोडतं. पोलिसर असलेल्या वाटेवर हा फरक मोठा पडतो. एफक्यूला प्रत्येक प्रवाहाची कमाल मर्यादाही सांगता येते. फाइल सर्व्हरवर ती ३०० एमबीपीएस ठेवलीत तर एक माणूस ड्रॉइंगचं अख्खं फोल्डर ओढतोय म्हणून बाकीच्यांचा ईआरपी थांबणार नाही. सगळीकडे बीबीआर लावत सुटू नका. ज्या दोन-तीन सर्व्हरवरून खरोखर मोठी वाहतूक होते तिथेच लावा आणि रिट्रान्समिटचा आकडा आठवडाभर पाहा. विंडोज सर्व्हर असेल तर त्यातल्या क्यूओएस पॉलिसीने वेग बांधता येतो.

पोलिसिंगच्या आधी एक गोष्ट बाद करा: फायबरमधल्या प्रकाशाची पातळी आणि सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या फ्रेमची मोजणी). होस्टेड कनेक्शनमध्ये तो फायबर पार्टनरच्या हद्दीत येतो, म्हणून त्याच्याकडून दोन्ही टोकांचे आकडे लेखी मागा. १० जीच्या एलआर ऑप्टिकला (लांब पल्ल्याच्या फायबर मॉड्यूलला) उणे १४.४ डीबीएमच्या खाली प्रकाश मिळत असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाऱ्यावर. डेटा सेंटरमधला एखादा मळलेला पॅचकॉर्ड किती माणसांचे किती दिवस खातो, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटं. यावर लोक फार उत्साहाने बोलतात, मी जरा थंड आहे. फायदा खरा आहे: वरच्याच सूत्रात ८,९६१चा एमएसएस घातला तर ७१चे ४३७ एमबीपीएस होतात, शिवाय सीपीयूवरचा भार कमी होतो. प्रायव्हेट व्हीआयएफवर ९००१ आणि ट्रान्झिट व्हीआयएफवर ८५०० एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) चालतो. पण वाटेतल्या प्रत्येक कडीने, पार्टनरच्या एमपीएलएससकट, तो वाहायला हवा, आणि एकानेही नाही म्हटलं तर सगळ्यात वाईट प्रकारची बिघाडी पदरात पडते: पिंग चालतं, लॉगिन होतं, मोठी फाइल मात्र अडकून राहते. आधी डीएफ बिट (‘तुकडे करू नका’ ही खूण) लावून, प्रायव्हेट व्हीआयएफ असेल तर ८,९७३ आणि ट्रान्झिट असेल तर ८,४७२ बाइटचं पिंग दोन्ही दिशांना पाठवून पाहा. सिक्युरिटी ग्रुप आणि फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा टाइप ३ कोड ४ मोकळा ठेवा, नाहीतर ‘पॅकेट मोठं झालं’ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेकडे स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट टाकला असेल तर ती वाहतूक १५००नेच जाते, जंबो फक्त प्रोपगेट झालेल्या (आपोआप आलेल्या) रूटना. आणि व्हीआयएफचा एमटीयू बदलताना खालचं कनेक्शन अर्धा मिनिट बंद पडू शकतं, तेव्हा शिफ्ट चालू असताना हे बटण दाबू नका. तुमच्या बाबतीत हे काम सगळ्यात शेवटी. खिडकी, फेऱ्या आणि शेपिंग झाल्यावर त्याची गरज उरेलच असं नाही.

राहिलं जुनं व्हीपीएन, आणि मला सर्वात जास्त संशय खरं तर इथेच आहे. तुम्ही डायरेक्ट कनेक्टवरून १०.२०.०.०/१६ हा एक रूट (पत्त्यांचा मोठा गट) जाहीर करताय, आणि व्हीपीएनच्या जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक विभागाचा /२४ (त्यातला छोटा गट) वेगळा जाहीर होतोय. एकच प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) दोन्हीकडून आला तर व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे डायरेक्ट कनेक्टलाच पसंती देतो, हे खरं. पण त्याआधी तो सर्वात लांब, म्हणजे सर्वात नेमका, प्रीफिक्स बघतो, आणि /२४ जिंकतो. म्हणजे कारखान्यातून जाणारी पॅकेटं डायरेक्ट कनेक्टवरून जातात, उत्तरं मात्र इंटरनेटवरच्या टनेलमधून परत येतात. दोन्ही वाटा एकाच फायरवॉलवर उतरत असतील तर जोडण्या तुटतही नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या मोजमापांच्या सेवेत) ‘कनेक्शन बीपीएस इग्रेस’ हा आकडा एडब्ल्यूएसकडून बाहेर पडणारी वाहतूक दाखवतो. रिपोर्ट आणि डाउनलोडचा दिवस असूनही तो इनग्रेसपेक्षा नगण्य असेल, तर पाणी इथेच मुरतंय. व्हीपीएनवरही तोच /१६ जाहीर करा, बास. बीजीपीवर (राउटर एकमेकांना रूट सांगतात त्या प्रोटोकॉलवर) प्रायव्हेट व्हीआयएफला शंभरपेक्षा जास्त रूट जाहीर करायचे नाहीत, हेही याच बैठकीत पाहून घ्या. मर्यादा ओलांडली की सेशनच खाली येतं, जास्तीचा एखादा रूट गाळला जात नाही.

हा एक बदल आज संध्याकाळी करा, बाकीच्या चाचण्या त्यानंतरच. नाहीतर तुम्ही वरची सगळी मोजमापं दोन वेगळ्या वाटांच्या खिचडीची घ्याल.

ऑडिटवाल्यांनी एन्क्रिप्शन मागितलं तर डायरेक्ट कनेक्टवरून आयपीसेक (एन्क्रिप्शनचा) टनेल चालवतात. नेहमीच्या एका टनेलची मर्यादा १.२५ जीबीपीएस, तुमच्या लिंकला पुरेशी. पण एमटीयू घटतो, तेव्हा एमएसएस क्लॅम्प (त्या मानाने कमी) करायला विसरू नका आणि फायरवॉलची जाहिरातीतली नव्हे तर आयपीसेकची क्षमता पाहा. मॅकसेक (लिंकच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन) १० जी आणि त्यापुढच्या डेडिकेटेड (अख्ख्या एकाच ग्राहकाच्या) पोर्टवर, तेही ठरावीक लोकेशनला मिळतं, म्हणून ते तुमच्यासाठी नाही.

एवढं सगळं करून महिनाभराने दुपारचा वापर खरोखर ७०-८० टक्क्यांवर टेकायला लागला, तर पैसे काढा. पण तेव्हाही २ जीबीपीएसचं एक होस्टेड कनेक्शन मी घेणार नाही. घेतलेल्या कनेक्शनचा वेग नंतर बदलता येत नाही, नवीनच घ्यावं लागतं. मग नवीन घेतानाच १ जीबीपीएसचं दुसरं, वेगळ्या लोकेशनवरून आणि शक्यतो वेगळ्या पार्टनरकडून घ्या. एक रबाळ्याला उतरलेलं असेल तर दुसरं चांदिवलीला. दोन्हीवर एकसारखे प्रीफिक्स आणि एकसारखा एएस पाथ (रूट ज्या जाळ्यांतून आला त्यांची यादी) ठेवलात तर वाहतूक प्रवाहानुसार दोघांत वाटली जाते. एकच प्रवाह मात्र कुठल्याही एका वाटेनेच जातो, त्याचा वेग वाढत नाही. लॅगचंही (अनेक पोर्ट एकत्र बांधण्याचंही) तसंच, त्यात चार पोर्ट जोडले तरी. एक मुख्य आणि एक राखीव हवं असेल तर मुख्य वाटेवरच्या रूटना ७२२४:७३०० आणि राखीव वाटेवरच्यांना ७२२४:७१०० ही कम्युनिटी (रूटवरची खूण) लावा. एडब्ल्यूएसकडून येणारी वाहतूक त्यावरून वाट निवडते आणि हा निकष एएस पाथच्या आधी तपासला जातो.

दोन्ही राउटरवर बीएफडी (लिंक मेल्याचं झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) चालू करा. एडब्ल्यूएसच्या बाजूला ते तयारच असतं, ३०० मिलिसेकंद गुणिले ३, पण तुमच्या राउटरवर लावेपर्यंत ते निष्क्रिय राहतं आणि लिंक मेल्याचं कळायला बीजीपीची ९० सेकंदांची मुदत संपावी लागते. कन्सोलमध्ये बीजीपी फेलओव्हरची चाचणी घेण्याची सोय आहे. सुट्टीच्या दिवशी आधी एक, मग दुसरं सेशन पाडा, आणि उरलेल्या एकाच लिंकवर ईआरपी आणि बॅकअप दोन्ही चालतात का ते त्या वेळीच मोजा.